वेलफेअरचे साहेब घर बघायला आले

क्वार्टर रिकामं व्हायला आत राहणारा माणूस मरावा लागे, नाहीतर म्हातारा होऊन देशी जावा लागे, नाहीतर कंपनीने त्याचा व्हिसा कॅन्सल करावा लागे. चौथा रस्ता नव्हता. कंपनीची फॅमिली क्वार्टर्स एका दुमजली इमारतीत होती आणि वाट बघणारी माणसं त्यांच्या कितीतरी पट. ऑफिसच्या दारामागे एक यादी लावलेली असे. ज्याची नोकरी जास्त वर्षांची त्याचं नाव वर. वरच्याला जागा मिळाली की खालचे एकेक पायरी चढायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर गुरुवारी पगार असो नसो, यादी बघायला जायचे. वर्षानुवर्षं ती हलायची नाही. मग कुणाला तरी छातीत दुखायचं, आणि ती हलायची. क्वार्टरमध्ये कोण किती खोकतो, कुणाचं साखरेचं औषध वाढलं, कुणाचं सुपरवायझरशी भांडण झालं, हे आमच्या घरी जेवताना बोललं जायचं. कुणाचं वाईट व्हावं असं कुणी म्हणायचं नाही. फक्त चौकशी करायचे.

आम्ही शारजाला रोल्लाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या अरबी घरात राहत होतो. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब. अंगणात एक नळ, कोपऱ्यात एक संडास, एक न्हाणी आणि पत्र्याचं सामायिक स्वयंपाकघर. आमच्या बरोबर समोरच्या खोलीत सावंत राहायचे. तेही आमच्याच कंपनीतले, क्रेन चालवायचे. अण्णा शटरिंगचे फोरमन. यादीत आमचं नाव वर आणि त्याच्या लगेच खाली सावंतांचं, कारण अण्णा सावंतांपेक्षा तीन महिने आधीच्या विमानाने आले होते. या तीन महिन्यांचा आईला फार अभिमान. जणू ती वतनदारी होती.

मी तेरा-चौदाची असेन. गावी चौथी झाली आणि आईबरोबर इकडे आले. इथे शाळेला फी होती. धाकटा पप्या शाळेत गेला, मी आणि सुधा घरी राहिलो. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आता वाटून उपयोग नाही. सावंतांची रजनी माझ्याच वयाची, ती शाळेत जायची. संध्याकाळी ती मला इंग्रजी कविता म्हणून दाखवायची आणि मला येत नाही म्हणून हसायची. बाकी आम्ही मैत्रिणी होतो. एकमेकींच्या उवा काढायचो. तिच्या मागे जुळे भाऊ होते, ते रडण्याशिवाय काही करत नसत.

त्या घराचा आवाज अजून कानात आहे. पहाटेच्या अजानबरोबर बादल्या वाजायला लागायच्या, कारण न्हाणीची रांग. मग कंपनीच्या बसचा भोंगा, मग पुरुष नाहीसे. मग दिवसभर खिडक्यांतले एसी गुरगुरायचे आणि त्यांच्या पाण्याचे थेंब डब्यांत पडायचे. तो डबा भरला की आई त्या पाण्याने फरशी पुसायची. आईला पुसण्याचा रोग होता. गोडं पाणी टँकरने यायचं, तरी तिची खोली दिवसातून दोनदा पुसलेली. स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह, एक आमचा, एक त्यांचा. सावंतकाकू बांगडा तळायच्या तर आई मुद्दाम दार लावून घ्यायची, पण संध्याकाळी त्याच बांगड्याचा एक तुकडा वाटीतून आला की खायची. पठाणाच्या भट्टीतला खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आम्ही चहात बुडवून खायचो. गावाहून कुणी आला की सुके बोंबील यायचे, ते आई मोजून तळायची आणि अण्णांच्या ताटात डोकी सोडून बाकी सगळं जायचं. डोकी आम्हाला.

मग घरमालक आला. अरबी घर पाडून तिथे मोठी बिल्डिंग बांधायची होती. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने हिंदीत सांगितलं, उन्हाळ्याच्या आत सगळ्यांनी निघायचं. खलास. दुसऱ्या खोलीचं भाडं अण्णांच्या पगारात बसणारं नव्हतं. क्वार्टर मिळालं तर आम्ही राहणार, नाही मिळालं तर अण्णा लेबर कॅम्पात पलंगावर आणि आई, आम्ही तिघं गावी थोरल्या काकांकडे. आईने तिथे लग्नानंतरची दहा-बारा वर्षं काढली होती. थोरली काकू सगळ्यांचं जेवण झालं की टोपाला चिकटलेलं उलथन्याने खरवडून आईच्या पानात वाढायची आणि वर म्हणायची, खरपुडी तुला आवडते ना गं. आई एरवी कुणाला घाबरायची नाही. पण गावी जायचं म्हटलं की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.

सावंतांचंही तेच होतं. त्यांना क्वार्टर नाही मिळालं तर काकू जाणार कुडाळला. म्हणजे अंगणाच्या दोन टोकांना दोन बायका, दोघींना एकच जागा हवी, आणि मधे एकच नळ. दोघी एकमेकींना पाणी भरून देत होत्या.

त्यात क्वार्टरमधले स्टोअरकीपर नाईक गेले. जेवून उठले, हात धुतला आणि तिथेच पडले. बातमी अण्णांनी आणली. चपला काढता काढता म्हणाले, "नाईक आटपले." आई "अरे देवा" म्हणाली. तिने त्यांच्या चपला भिंतीशी लावल्या. मग आई म्हणाली, "तळमजल्याचं ना हो त्यांचं?"

नाईकांना पेटीतून गावी पाठवलं. बाई आणि दोन मुलं महिनाअखेरपर्यंत राहणार होती. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, ही आपली रीत. आईने पिठलं केलं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या, मला बरोबर घेतलं. सावंतकाकूही निघाल्या, त्यांच्याकडेही पिठलं. तिथे गेलो तर ओट्यावर पिठल्याची पातेली रांगेने. यादीतल्या सगळ्या घरांनी रीत पाळली होती. बायका नाईकबाईंपाशी बसायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या आणि पदराआडून छत बघायच्या. आईही बघत होती. आत पाणी प्यायला म्हणून गेली आणि मी बघितलं, ती ओट्यावर वीत ठेवून मोजत होती. एक वीत, दोन वीत.

नाईकबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं. त्या रडत वगैरे नव्हत्या. म्हणाल्या, "सात विती आणि चार बोटं आहे. मी मोजलाय. खिडकीला जाळी नाही, मांजर येतं. आणखी काय बघायचंय? संडास दाखवू?"

आई म्हणाली, "तसं नाही हो वहिनी."

"तसंच आहे. मीही असाच बघितला होता. आधीच्या बाईचा नवरा क्रेनखाली आला होता. मी तर तिच्यासाठी शिरा नेला होता, दुखवट्याला शिरा! एवढी शुद्ध नव्हती मला." आणि त्या हसल्या. मला तेव्हा ती बाई फार वाईट वाटली. आता वाटतं, त्या दिवशी तिथे खरं बोलणारी ती एकटी होती.

माझी नात ईशा हे माझ्या वहीतलं वाचते, अडखळत, आणि म्हणते, "आजी, दॅट्स सो मीन! समवन डाइड!" आम्ही आता अजमानला राहतो. मुलाला नवा फ्लॅट हवा झाला की तो फोनवर बोट फिरवतो, फ्लॅटचे फोटो सरकतात. आधी तिथे कोण होतं, ते कुठे गेलं, हे विचारायची वेळ येत नाही. ईशाला म्हटलं, बाळ, तुझ्याही आधी कुणीतरी राहतच होतं. ती म्हणाली, "दॅट्स डिफरंट." असेल.

यादीत आम्हीच पहिले होतो. पण नुसतं नाव वर असून भागत नव्हतं. वरच्या दोन नावांच्या घरी वेलफेअरचे साहेब येऊन बघून जायचे, की माणसं सध्या कशा जागेत राहतात. ज्याची अडचण मोठी त्याला क्वार्टर. सध्याची जागा बरी आहे असं त्यांना वाटलं, तर नाव थेट यादीच्या तळाला. हा नियम यादीखाली इंग्रजीत लिहिलेला होता. अण्णांना तो माहीत होता. सावंतांनाही माहीत होता. फरक इतकाच की सावंत घरी येऊन बायकोशी बोलायचे. अण्णा बोलायचे नाहीत. त्यांनी बुधवारी जेवताना एवढंच सांगितलं, "उद्या दुपारी वेलफेअरचे थॉमससाहेब घर बघायला येणार. मी साइटवर असेन. नीट बोल त्यांच्याशी."

"एकटेच येणार?"

"मग काय वरात घेऊन येतील?"

"काय करू खायला?"

"काहीही कर," अण्णा म्हणाले आणि आडवे झाले.

घर बघायला साहेब येणार म्हटल्यावर आमच्याकडची कुठली बाई काय करेल? मुलगी बघायला येतात तेव्हा जे करतात तेच. आई गुरुवारी पहाटेपासून लागली. भिंती पुसल्या, एसीची जाळी धुतली, पंख्याची पाती चिंचेने घासली. मग खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "एवढ्याशा खोलीत काय हा पसारा! साहेब काय म्हणतील, हे लोक गोठ्यात राहतात?" आमच्या पाच माणसांच्या गाद्या, दोन ट्रंका, तांदळाची गोणी, पप्याची सायकल, सगळं त्या खोलीत होतं. सावंतकाकू दारात आल्या. हातात जुळ्यांपैकी एक.

"काय वहिनी, दिवाळी?"

"साहेब येतात ना आज. या गाद्या कुठे घालू सांगा."

काकूंनी खोलीत नजर फिरवली. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि त्यांनी ते पुसून टाकलं, आई फरशी पुसते तसं. म्हणाल्या, "आणा की माझ्याकडे. आपल्यात काय परकं आहे? ट्रंकाही आणा. गोणीही आणा."

"तुमच्याकडे पण यायचे ना ते?"

"आमचं काय हो, आमचा नंबर दुसरा. तुमचं होऊन जाऊ दे. माझ्या दोन खुर्च्या न्या, आणि तो काचेचा ट्रे न्या. टेबलक्लॉथ देऊ?"

आईचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मी आणि रजनीने अंगणातून गाद्या वाहिल्या. त्यांच्या खोलीतून खुर्च्या, ट्रे, टेबलक्लॉथ आणि भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडे आलं, आमच्याकडून गोणी, ट्रंका, सायकल आणि पाच गाद्या त्यांच्याकडे गेल्या. आमची खोली एकदम मोठी झाली. बोललं तर घुमत होतं. आईने उदबत्ती लावली. पोहे भिजवले, वर घालायला ओलं खोबरं खवलं. मग आमच्याकडे बघितलं.

"आणि या तिघांचं काय करू? खुर्चीवर साहेब बसणार, ही माझ्या पायात."

"पाठवा माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "शिरा केलाय."

आम्ही गेलो. शिऱ्यात केळं होतं आणि तूप सुटलेलं होतं. काकूंनी आम्हाला, रजनीला आणि जुळ्यांना एकाच गादीवर बसवलं. बाकी गाद्या भिंतीशी रचलेल्या, त्यावर ट्रंका, दाराशी गोणी. त्यांनी दोरी बांधून तिच्यावर ओले कपडे टाकले, तेही खोलीच्या आत. एसी बंद केला. रजनीने विचारलं, "आई, एसी का बंद केला?" काकू म्हणाल्या, "बिघडलाय." घाम आमच्या मानेवरून शिऱ्यात पडत होता. आम्ही खात होतो. कुणी मला विचारतं, तुला काही कळलं नाही? मला इतकंच कळलं की शिरा दुसऱ्यांदा मिळतो आहे. आमच्या घरी शिरा दुसऱ्यांदा मिळत नसे.

साहेब आले. हडकुळा माणूस, पांढरा शर्ट, काखेत फाइल. आमच्या खोलीचं दार समोरच उघडं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. आई दारात पदर सावरून उभी. ते खुर्चीवर बसले. एसीचा वारा त्यांच्या केसांत. आईने काचेच्या ट्रेमधून पोहे दिले. ते संकोचले, मग खाल्ले. इकडेतिकडे बघत हिंदीत म्हणाले, "बहुत अच्छा रखा है घर, बहनजी. कोई तकलीफ है इधर?"

आईचं हिंदी जेमतेम. पण पाहुण्यासमोर आपली रडगाणी गायची नाहीत हे तिला कुठल्याही भाषेत येत होतं. ती म्हणाली, "नहीं नहीं साहब. कुछ तकलीफ नहीं. सब देवाच्या कृपेसे एकदम अच्छा है."

"बच्चे?"

"बाहर खेलते. चाय लेंगे?"

त्यांनी चहा घेतला. फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. आईने लिहिताना बघितलं आणि तिला वाटलं, चांगलं लिहिताहेत. लिहीत चांगलंच होते.

मग ते अंगण ओलांडून आमच्याकडे, म्हणजे सावंतांकडे आले. दारात थबकले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. ओला कपडा त्यांच्या तोंडाला लागला. एक जुळा रडत होता. काकू पुढे झाल्या नाहीत, चहा विचारला नाही, कोपऱ्यात उभ्या राहून त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला.

"ये सब बच्चे आपके?"

"चार-पाच हैं साहब, और रिश्तेदारी के," काकू म्हणाल्या. "क्या करेगा? किसको निकालेगा?"

साहेबांनी बोटाने आम्हाला मोजलं. मग मला विचारलं, मी सगळ्यांत मोठी दिसत होते म्हणून, "बेटा, खाना किधर खाते हो?"

माझ्या हातात ताटली होती. मी म्हटलं, "इधर."

त्यांनी लिहिलं.

पुढच्या गुरुवारी यादीत सावंतांच्या नावापुढे खूण होती. आमचं नाव वर नव्हतं. अण्णांना वाटलं, खोडलं. मग खाली सरकत सरकत त्यांना ते शेवटी सापडलं. त्यांनी साहेबांना गाठून विचारलं असावं, कारण घरी आले ते सगळं समजूनच. आई भाजी निवडत होती. ते खाली बसले आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले, "पोहे केले होतेस?"

"हो."

"खोबरं घातलं होतंस?"

"घातलं. का हो?"

"कोथिंबीर?"

"मिळाली नाही."

"अरेरे. कोथिंबीर असती तर कंपनीने आपल्याला बंगलाच दिला असता." आणि मग त्यांनी भाजीची परडी लाथेने उडवली. नियम काय होता ते त्यांनी आईला तेव्हा सांगितलं, ओरडून, चारी खोल्यांना ऐकू जाईल असं. एक आठवडा आधी हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं. हे आई त्यांना म्हणाली नाही. ती उठली आणि अंगण ओलांडून समोर गेली. मी मागोमाग.

काकू कणीक मळत होत्या. आई म्हणाली, "माझ्या गाद्या दाखवल्यात तुम्ही. माझी पोरं दाखवलीत."

काकूंनी मळणं थांबवलं नाही. "वहिनी, मी तुमच्या घरातून काही ओढून आणलं का? तुम्ही दिलंत. मी ठेवून घेतलं."

"बहिणीसारखी मानली होती."

"मग बहिणीला मिळालं म्हणून पेढे वाटा." मग त्यांनी हात थांबवला आणि आईकडे बघितलं. "माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? खरं सांगा. नाईक वारले तेव्हा वीत कुणी ठेवली ओट्यावर?"

आई मागे वळली. परत येऊन तिने पसरलेली भाजी गोळा केली, धुतली आणि फोडणीला टाकली. आम्ही जेवलो. सावंतांच्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पुसून परत नेल्या. तेवढं तिला आवरलं नाही.

माझं काय होणार ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. सावंतकाका अण्णांना अंगणात म्हणाले, "साहेब पुन्हा बघायला येणार आहेत, क्वार्टरमध्ये राहायला गेल्यावर. माणसं मोजतात. तुमची थोरली ठेवा आमच्याकडे. घरात हाताखाली होईल, जेवूनखाऊन राहील. गावी तरी काय करणार ती?" अण्णांनी विचार केला. एक तोंड कमी, एक तिकीट कमी. म्हणाले, "बरं." आई तिथेच कपडे वाळत घालत होती. तिने पिळलेली चादर पुन्हा पिळली. तिला वाटलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती का, हे मी आयुष्यभर ठरवू शकलेली नाही, आणि आता ठरवायचं सोडून दिलं आहे. जायच्या दिवशी तिने माझी वेणी घातली, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले. म्हणाली, "त्या बाईच्या घरी केर काढशील ना, तो नीट काढू नकोस." सुधा आणि पप्या विमान बघायला मिळणार म्हणून नाचत होते. आई पुन्हा इकडे आली नाही. थोरल्या काकूच्या हाताखाली राहिली आणि तिथेच गेली.

मी सावंतांबरोबर नाईकांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. दोन खोल्या, आत नळ. एका खोलीत काका-काकू आणि जुळे. दुसऱ्यात रजनी, तिला लोखंडी पलंग, त्यावर फुलाफुलांची चादर. मला स्वयंपाकघरात ओट्याखाली एक चटई. गोणपाटावर घातली की जमीन लागायची नाही असं काकूंचं म्हणणं. जमीन लागायची. काकू वाईट वागायच्या असं मी म्हणणार नाही. मारायच्या नाहीत. रजनीने सोडलेलं मला द्यायच्या, कपडेही आणि जेवणही. रजनी शाळेतून आली की बूट काढून पाय पुढे करायची आणि मी मोजे ओढायचे. एकदा तिच्या शाळेतल्या मुली घरी आल्या तेव्हा एकीने विचारलं, ही कोण? रजनी म्हणाली, "अवर मेड." एवढं इंग्रजी मला कळायला लागलं होतं.

साहेब आले ते सकाळच्या वेळी, न सांगता. काका ड्युटीवर, रजनीला त्या दिवशी सुट्टी. ते दारात उभे राहिले, तीच फाइल. या वेळी काकूंनी खुर्ची दिली, चहा विचारला. साहेबांनी खोल्या बघितल्या, पलंग बघितला, मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "लोग कम लगते हैं. बाकी किधर गये? रिपोर्ट में तो ज्यादा हैं. गलत है तो क्वार्टर वापस लेना पडेगा, मॅडम. वेटिंग में लोग हैं."

काकूंचा चेहरा मी बघितला. गावी जायचं म्हटलं की आईचा जसा व्हायचा तसाच झाला, तसूभर फरक नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये है ना साहब. दुसरा दो छोटा गाँव गया, घूमने."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांना मी आठवले की नाही कोण जाणे. म्हणाले, "बेटा, तुम इधर ही रहती हो? इसी घर में?"

 हातात फडकं होतं, त्याची घडी केली. मी यांची कुणी नाही, असं खरं सांगितलं असतं तर काकू महिनाअखेर कुडाळला आणि मी चिपळूणला, थोरल्या काकूकडे. जागा तिसऱ्याच कुणाला. आईला काही ती मिळणार नव्हती. हे मला तेवढ्या वेळात कळलं. यादी कशी चालते हे अण्णांना वर्षानुवर्षं वाचून जे कळलं नाही, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं: आत असलेल्याला जो बाहेर काढू शकतो त्याचाच नंबर पहिला. मी फडक्याची आणखी एक घडी केली.  रजनी पलंगावर बसून पाय हलवत होती, ते थांबले.

"हां साहब," मी म्हटलं. "इधर ही रहती हूँ."

त्यांनी खूण केली, चहा न घेता गेले. दार लागलं. काकू भिंतीला टेकल्या, मग जवळ येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "गुणाची गं माझी बाय."

मी त्यांचा हात बाजूला केला. "साहेब परत येतील, काकू?"

"येतीलही. दरवर्षी येतात म्हणे."

"मग मला पलंग पाहिजे."

"अगं, बघू. पुढच्या महिन्यात यांच्या पगाराला नवा..."

"नवा नको. तोच."

रजनी म्हणाली, "आई!" काकूंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बंद दाराकडे बघितलं. मग पलंगावरची फुलाफुलांची चादर एका हाताने ओढून काढली आणि रजनीला म्हणाल्या, "ऊठ."